शाळेची इमारत रोज पाहणारा माणूस

मागील अंकात शाळांमधील आरोग्य आणि सुरक्षितता या विषयावर लिहिताना, सेवकवर्गाला विचारल्याशिवाय कोणत्याही शाळेने सुरक्षिततेचा आराखडा मंजूर करू नये, असे मी म्हटले होते. त्या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. काहींनी त्याचे स्वागत केले, काहींना ते अतिशयोक्त वाटले आणि एक पत्र खुद्द एका सेवकाचे होते. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. सफाई, किरकोळ देखभाल, किल्ल्या आणि फाटक सांभाळणाऱ्या सर्वांसाठी, स्त्री-पुरुष भेद न करता, मी ‘सेवक’ हाच शब्द वापरला आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या सुरक्षा समितीत मुख्याध्यापक, तीन शिक्षक, दोन पालक आणि एक डॉक्टर आहेत. सेवकांपैकी एकाला घ्यावे अशी सूचना आली, तेव्हा “त्यांचे काम स्वच्छतेचे, धोरणाच्या चर्चेत ते काय सांगणार?” असा आक्षेप निघाला आणि विषय तेथेच थांबला. आपले मत काय?
(व्यवस्थापन समितीचे एक सदस्य)

उत्तर : आक्षेप घेणाऱ्यांना एवढेच विचारावे, की समितीतील या सात जणांपैकी गच्चीवर शेवटचे कोण आणि कधी गेले होते? शिक्षकाला आपला वर्ग ठाऊक असतो, मुख्याध्यापकांना कार्यालय आणि त्यापुढचा व्हरांडा, आणि पालक तर फाटकापर्यंतच येतात. जिन्याखालची अडगळीची खोली, मीटरची खोली, पाण्याची टाकी, प्रयोगशाळेमागची मोरी आणि गच्चीचे दार ही सारी ठिकाणे रोज पाहणारा माणूस शाळेत एकच असतो. शिवाय तो ती शाळा भरण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर पाहतो. गळणाऱ्या नळाचा आवाज किंवा तापलेल्या वायरचा वास रिकाम्या इमारतीत जितका स्पष्ट जाणवतो, तितका पाचशे मुलांच्या गलक्यात जाणवत नाही.

या जागा किती महत्त्वाच्या असतात, हे शाळांच्या मोठ्या दुर्घटनांचा इतिहास पाहिला की कळते. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोतील ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेला आग लागली आणि तीत ९२ मुले व ३ शिक्षिका (ख्रिस्ती जोगिणी, म्हणजे नन) मृत्युमुखी पडल्या. ती आग तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या कचऱ्याच्या पिंपात सुरू झाली होती. खालच्या मजल्यावर जिन्याला दार होते म्हणून तो मजला बराचसा वाचला. वरच्या मजल्यावर तसे दार नव्हते आणि लाकडी जिन्यातून धूर थेट वर्गांबाहेरच्या मार्गिकेत शिरला. कचऱ्याचे पिंप कोठे ठेवावे आणि जिन्याचे दार लावलेले असावे की उघडे, हे दोन्ही प्रश्न कोणत्याही शाळेत रोज सेवकाच्याच हाताखालून जातात. टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी झालेल्या स्फोटात सुमारे ३०० जण गेले. तेथे इमारतीखालच्या पोकळीत नैसर्गिक वायू साचला होता आणि त्या काळी त्या वायूला वास नसल्यामुळे कोणालाही सुगावा लागला नाही. त्यानंतरच इंधनवायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती झाली. आज तो वास येतो. मात्र वास आल्याचे सांगणाऱ्या माणसाचे कोणीतरी ऐकून घेतले, तरच त्या सक्तीचा उपयोग.

मी एका शाळेच्या व्यवस्थापनात काही वर्षे काम केले. तेथे तपासणीच्या वेळी पाचही अग्निशामक नळकांडी ‘चालू स्थितीत’ असल्याची नोंद आम्ही सह्यांनिशी केली होती. त्यांतले एक नव्या कपाटामागे गेले असून कपाट हलवल्याशिवाय त्याला हात लागत नाही, हे आमच्या सेविकाबाईंनी सहा महिन्यांनी सहज बोलता बोलता सांगितले. “आधी का सांगितले नाहीत?” असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मला कोणी विचारलंच नाही, सर.” त्या दिवसापासून समितीत कोण असावे याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. सेवकाला नुसती खुर्ची देऊन भागणार नाही. त्याला थोडा अधिकारही हवा. कठडा हलत असेल तर तो जिना दोरी लावून बंद करणे, स्वच्छतागृहात विजेचा झटका बसत असेल तर त्या भागाचा मुख्य खटका पाडणे, शाळा भरलेली असताना आपत्कालीन दाराला कोणी कुलूप लावले असेल तर ते काढणे, एवढे त्याला कोणाची परवानगी न मागता करता आले पाहिजे. कारण नंतर सांगता येते.

प्रश्न : माझ्या मुलीच्या वर्गात एका मुलाला उलटी झाली. सेविकाबाईंनी लगेच माती टाकून ती झाडूने भरली, ओल्या फडक्याने फरशी पुसली आणि बाकांवर हाताला लावायचे सॅनिटायझर फवारले. तरीही दोन दिवसांत वर्गातील बरीच मुले उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. सफाई तत्परतेने झाली होती. मग चूक कोठे झाली?
(एक पालक)

उत्तर : बाईंची तत्परता वाखाणण्यासारखीच आहे. चूक असेल तर ती त्यांना योग्य पद्धत आणि साहित्य न देणाऱ्यांची आहे. मुले नेमकी कशाने आजारी पडली हे तपासणीशिवाय सांगता येत नाही, परंतु आपण लिहिलेला क्रम नोरोव्हायरसच्या साथीशी जुळतो. या विषाणूची लागण झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसतात, आजार होण्यास अत्यल्प विषाणू पुरतात आणि उलटीचे न दिसणारे बारीक थेंब आपल्याला वाटते त्याहून बरेच दूर उडतात. शेजारच्या बाकावरची वही कोरडी दिसते म्हणून ती स्वच्छ असतेच असे नाही.

आपण वर्णन केलेल्या सफाईत तीन गोष्टी खटकतात. उलटी झाल्यावर वर्ग रिकामा केला गेला नाही. झाडूने भरल्यामुळे ते कण पुन्हा हवेत उडाले आणि तोच झाडू पुढे दुसऱ्या वर्गातही गेला असणार. आणि सॅनिटायझर हे त्या कामाचे साधन नव्हेच. नोरोव्हायरसभोवती तेलकट आवरण नसल्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच अशा साथीत मुलांच्या हातांसाठीही साबण आणि वाहते पाणीच हवे.

योग्य पद्धत अशी. मुलांना दुसऱ्या खोलीत न्यावे आणि खिडक्या उघडाव्यात. सेवकाने हातमोजे, मुखपट्टी आणि शक्य असल्यास प्लॅस्टिकचा अंगरखा घालावा. उलटीवर जाड कागद किंवा जुने कापड अलगद ठेवून ती टिपून घ्यावी आणि कडेकडून मध्याकडे गोळा करून पिशवीत बांधावी. मग ती जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. ही पायरी बऱ्याच ठिकाणी गाळली जाते, परंतु मळ तसाच राहिला तर क्लोरीनची शक्ती त्या मळावरच खर्च होते आणि जंतूंपर्यंत पोचत नाही. धुतल्यानंतर ब्लीचचे द्रावण लावावे. बाजारातील द्रवरूप ब्लीच पाच टक्क्यांचे असेल, तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी मिसळल्यास अर्ध्या टक्क्याचे द्रावण होते. उलटी, विष्ठा किंवा रक्त सांडलेल्या जागेसाठी ते वापरावे. दाराच्या कड्या, नळ, कठडे अशा रोज हात लागणाऱ्या जागांना एक भाग ब्लीच आणि एकोणपन्नास भाग पाणी, म्हणजे ०.१ टक्का, पुरते. द्रावण लावून लगेच पुसू नये. दहा मिनिटे ती जागा ओली राहू द्यावी आणि मग साध्या पाण्याने पुसावी. द्रावण रोज ताजे करावे, कारण उजेडात आणि उष्णतेत त्याचा प्रभाव उतरत जातो. कालच्या बाटलीत नुसता वास उरलेला असतो.

आजारी मुलाला उलट्या थांबल्यावरही निदान ४८ तास घरी ठेवावे. हा भाग मात्र सेवकाच्या हातात नाही, तो आपल्या म्हणजे पालकांच्या हातात आहे.

प्रश्न : मी शाळेत सेवक आहे. रोज चौदा संडास आणि मुताऱ्या धुतो. फरशीचे पिवळे डाग निघावेत म्हणून ॲसिड टाकतो आणि वास जावा म्हणून त्यावरच ब्लीच ओततो. फरशी पांढरीशुभ्र होते, पण डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि हल्ली रात्री छाती भरल्यासारखी वाटते. वरिष्ठ म्हणतात, तोंडाला रुमाल बांधून काम करा. काय करावे?

उत्तर : आपण आज, हे वाचल्याबरोबर, ते मिश्रण बंद करावे. संडास धुण्याच्या बहुतेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यावर ब्लीच पडले की क्लोरीन वायू सुटतो. याच वायूचा वापर पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे, सैनिकांना मारण्यासाठी झाला होता. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि संडास घासताना आपण तर खाली वाकलेले असता. रुमालाने धूळ अडते. वायू अडत नाही.

आम्ल आणि ब्लीच एकाच दिवशी, एकाच जागी वापरूच नयेत, हा नियम लक्षात ठेवायला सर्वांत सोपा आहे. डाग काढायचे असतील त्या दिवशी फक्त आम्ल वापरून भरपूर पाण्याने धुवावे. निर्जंतुकीकरण दुसऱ्या दिवशी करावे. मुतारीत ब्लीच टाकण्यापूर्वी ती आधी पाण्याने धुवावी, कारण मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले तरी छातीला त्रासदायक असे वायू तयार होतात. दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, द्रावण थंड पाण्यात करावे आणि आधी पाणी घेऊन मग त्यात रसायन ओतावे. बादलीत रसायन घेऊन वरून पाणी ओतल्यास ते तोंडावर उडू शकते. फवारणीची बाटली असेल तर द्रव भिंतीवर न फवारता फडक्यावर घ्यावा. सफाईकाम करणाऱ्यांमध्ये दम्याचे प्रमाण अधिक आढळते आणि श्वासात जाणारे फवारे हे त्याचे एक कारण मानले जाते. रसायन पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. ज्याला तहान लागली आहे अशा मुलाला ती बाटली पाण्याचीच वाटते.

रात्री छाती भरते त्यासाठी डॉक्टरांना दाखवावे आणि आपण काय काय वापरता ते बाटल्यांवरील नावांसह सांगावे. नुसते “खोकला येतो” एवढेच सांगितले तर खोकल्याचे औषध मिळेल आणि कारण तसेच राहील. हातमोजे, डोळ्यांसाठी चष्मा आणि गमबूट मागणे हा आपला हट्ट ठरत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या क्रमांक १५५ च्या करारात असे तत्त्व आहे, की जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा व गंभीर धोका असल्याचे वाजवी कारणाने वाटल्यामुळे एखादा कामगार कामापासून दूर झाला, तर त्याला त्याबद्दल शिक्षा भोगावी लागू नये. २०२२ साली त्या संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळाचा समावेश मूलभूत हक्कांत केला. हे वाक्य आपल्या वरिष्ठांना दाखवण्यासाठीच येथे छापत आहे.

प्रश्न : गच्चीवरील टाकीची सफाई वर्षातून एकदा होते. ते पुरेसे आहे का?
(एक शिक्षक)

उत्तर : नाही. मोठ्या सुट्टीनंतर शाळा उघडण्यापूर्वी टाकी धुतलीच पाहिजे, आणि एरवीही काही महिन्यांच्या अंतराने. परंतु याहून महत्त्वाचे म्हणजे झाकण. घट्ट न बसणारे झाकण म्हणजे पक्षी, पाली आणि डास यांना खुले आमंत्रण. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची वाढ अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवसांत होते, म्हणून पाणी साचणारी प्रत्येक जागा आठवड्यातून एकदा कोरडी करावी. भांडे नुसते उपडे करून चालत नाही, आतला काठ घासावा लागतो, कारण तेथे चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. पाण्यात क्लोरीन टाकले असेल तर अर्ध्या तासानंतर दर लिटरला निदान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन (म्हणजे जंतू मारण्यासाठी शिल्लक असलेले) उरले पाहिजे. रंगावरून ते दाखवणारे साधे तपासणी-संच मिळतात आणि कोणताही सेवक दहा मिनिटांत ते वापरायला शिकतो.

प्रश्न : मधल्या सुट्टीनंतर वर्ग झाडला जातो तेव्हा दम्याचा त्रास असलेल्या दोन मुलांना खोकला सुरू होतो. झाडणे बंद तर करता येत नाही.

उत्तर : वेळ बदलता येते आणि पद्धतही. कोरडा झाडू धूळ उचलत नाही. जमिनीवरची धूळ तो नाकाच्या उंचीवर आणून ठेवतो. मुले वर्गात नसताना, शाळा सुटल्यावर, ओलसर पोछा किंवा ओल्या फडक्याने सफाई करावी. मधल्या सुट्टीनंतर फक्त दिसणारा कचरा हाताने उचलला तरी पुरते. व्हरांडा दिवसा पुसावाच लागला तर एका वेळी अर्धी रुंदी पुसावी आणि उरलेली अर्धी चालण्यासाठी कोरडी ठेवावी. ‘फरशी ओली आहे’ अशी पाटी मोठी माणसे वाचतात. धावणारी मुले वाचत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी शाळेत दिवसभर पाणी पीत नाही, कारण तिला तेथील स्वच्छतागृहात जायचे नसते. तिला दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. शाळेचे म्हणणे असे, की स्वच्छतागृहे रोज धुतली जातात.
(एक पालक)

उत्तर : शाळेचे म्हणणे खरे असू शकते आणि आपल्या मुलीचेही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणीत शाळेचे शौचालय ‘वापरण्याजोगे’ ठरण्यासाठी ते उपलब्ध, चालू आणि खासगी असावे लागते. तिसरी अट बहुतेक ठिकाणी मोडते. कडी बसत नाही, दिवा लागत नाही, दाराच्या फटीतून बाहेरचे दिसते, किंवा किल्ली कार्यालयात असते आणि ती मागायला मुलगी लाजते. धुण्याने यांतले काहीच सुटत नाही. दिवसभर लघवी रोखून धरणे आणि पाणी टाळणे यांतून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता हे दोन्ही त्रास वाढतात. शाळेत मुलींच्या संख्येला शौचालये पुरेशी आहेत का, हेही विचारावे. दर २५ मुलींमागे एक, असा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे.

शाळेकडे तक्रार करण्याआधी तेथील सेविकाबाईंशी दोन मिनिटे बोलून पाहा, असे मी सुचवेन. कोणते दार लागत नाही, कोणत्या नळाला पाणी येत नाही, साबण कोणत्या दिवशी संपतो आणि कोणत्या वर्गाच्या मुली मैत्रिणीला पहारा द्यायला बरोबर आणतात, हे त्यांना नेमके माहीत असते. कडीसाठी लागतात चार स्क्रू, आणि ते मागण्यासाठी तीन अर्ज करावे लागत असतील तर दोष कडीचा नाही. त्याच बाईंना आणखीही काही दिसते: एखादी मुलगी रोज प्रत्येक सुट्टीत स्वच्छतागृहात दडून बसते, एखादी तेथे रडते. ही गोष्ट कोणाला सांगायची, हे त्यांना शाळेने आधीच सांगून ठेवलेले असावे आणि सांगितल्यावर “तुम्ही तुमचे काम पाहा” असे उत्तर मिळू नये.

प्रश्न : आमच्याकडे सफाईचे काम कंत्राटावर आहे. दर दोन-तीन महिन्यांनी माणसे बदलतात. प्रशिक्षण द्यायचे तरी कोणाला आणि किती वेळा?
(मुख्याध्यापक)

उत्तर : प्रत्येक नव्या माणसाला, त्याने पहिली बादली हातात घेण्यापूर्वी. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार, ज्या शाळेच्या बांधकामात ॲस्बेस्टॉस (ज्याचे बारीक तंतू श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक ठरतात) आहे तेथील सफाई व देखभाल कर्मचाऱ्यांना निदान दोन तासांचे माहिती-प्रशिक्षण द्यावे लागते आणि नव्या माणसाला ते रुजू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत. एका धोक्यासाठी दोन तास देता येत असतील, तर सर्व धोक्यांसाठी आपण अर्धा दिवस नक्कीच काढू शकतो. इमारत जुनी असून छताचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतील, तर त्यांना भोक पाडू नये, ते घासू नयेत आणि तुटलेले तुकडे कोरडे झाडू नयेत, एवढे तरी त्या माणसाला कळलेच पाहिजे.

हे प्रशिक्षण खोलीत बसून देऊ नका. नव्या माणसाला बरोबर घेऊन इमारतीतून एक फेरी मारा आणि त्याच्या हाताने करवून घ्या: विजेचा मुख्य खटका पाडणे, गॅसचा आणि पाण्याचा मुख्य नळ बंद करणे, अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही ते पाहणे, आपत्कालीन दार आतून उघडणे, ब्लीच मापाने मिसळणे. संडासाची फडकी आणि बादल्या एका रंगाच्या, वर्गांच्या दुसऱ्या रंगाच्या ठेवल्या तर माणूस बदलला तरी पद्धत बदलत नाही. कंत्राटाच्या कागदावर हातमोजे, धनुर्वाताची व काविळीच्या ‘ब’ प्रकाराची लस आणि शिडीवरच्या कामासाठी दुसरा माणूस, या बाबी लिहून घ्या. अन्यथा त्या कोणाच्याच नसतात. मैल्याच्या टाकीत उतरण्याचे काम कोणालाही, कितीही घाईत, सांगू नका.

आणि एक नोंदवही ठेवा. तिला तीन रकाने पुरेत: काय दिसले, कोणाला सांगितले, काय केले. तिसरा रकाना मुख्याध्यापकांनी स्वतः भरायचा, कारण तो दोनदा रिकामा राहिला की पहिल्या रकान्यात तिसऱ्यांदा कोणी काही लिहीत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे लिपिकाने लिहून घ्यावे आणि त्याला वाचून दाखवावे. वही कार्यालयाच्या कपाटात ठेवू नका. किल्ल्यांच्या फळ्याशेजारी, खिळ्याला, पेन दोरीने बांधून टांगा. संध्याकाळी शेवटची किल्ली तेथे अडकवताना तो माणूस तसाही तिच्यासमोर उभा असतो.